तांबड्या पेशीतला जांभळा ठिपका

ताप आणि थंडी अशी तक्रार घेऊन गेलं की बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला जातो. पट्टी वाळते, तिच्यावर निळा-तांबडा रंग पडतो, पाण्याने धुतली जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाते. थोड्या वेळाने कागदावर लिहून येतं : हिवतापाचे जंतू आहेत, किंवा नाहीत. यावर एक प्रश्न बरेच पेशंट विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. "डॉक्टर, नुसता रंग लावून आजार कसा कळतो?"

एका ओळीतलं उत्तर असं : हे रंग डीएनए आणि आरएनए या पदार्थांना चिकटतात. माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, म्हणजे डीएनए नसतो. म्हणून तांबड्या पेशीच्या आत जांभळा ठिपका दिसला, तर तो आपला नाही, परक्याचा आहे. घरात आपण कोणी दिवा लावलेला नसताना आत उजेड दिसला की माणूस सावध होतो, तसंच हे.

या एका ओळीमागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात कापड रंगवणारे आहेत, लष्करी डॉक्टर आहेत, मराठा पलटणीतले जवान आहेत आणि तुमच्या घरातल्या गोळ्यांचं पाकीटही आहे. आज तो सगळा क्रमाने पाहू.

आधी थोडं कापडाविषयी

मानवत हे कापसाच्या बाजाराचं गाव, त्यामुळे सुरुवात कापसापासूनच करतो. आपल्याकडच्या जुन्या रंगाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : प्रत्येक रंग प्रत्येक धाग्यावर बसत नाही. लोकर आणि रेशीम कित्येक रंग चटकन पकडतात. साधा कापूस मात्र हट्टी. आलाच्या मुळ्यांचा तांबडा रंग सुती कापडावर पक्का बसवायचा, तर कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढावं लागे. तुरटी एका हाताने धागा धरते आणि दुसऱ्या हाताने रंग. ती नसेल तर पहिल्याच धुण्यात रंग ओढ्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो.

म्हणजे रंग "लागणं" ही साधी घटना नाही. रंगाच्या कणाला बसायला योग्य जागा हवी. ती जागा एका पदार्थात असते, दुसऱ्यात नसते. शरीरातल्या पेशीही याच नियमाने रंग घेतात. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, की त्यातली केंद्रकं निळी-जांभळी रंगवण्यासाठी हिमॅटॉक्सिलिन नावाचा रंग वापरतात. तो एका अमेरिकी झाडाच्या लाकडातून मिळतो आणि तोही एकटा चिकटत नाही, त्याला तुरटीसारखा ॲल्युमिनियमचा क्षार सोबत लागतो. रंगाऱ्याची तुरटी बायॉप्सीच्या रिपोर्टपर्यंत पोचली आहे, ती अशी.

हिवतापाच्या औषधाऐवजी रंग सापडला

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा विद्यार्थी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या रसायनांपासून क्विनीन बनवायच्या खटपटीत होता. क्विनीन हे त्या काळी हिवतापावरचं एकमेव खात्रीचं औषध. ते सिंकोना झाडाच्या सालीतून काढत आणि ते महाग पडे. पर्किनला क्विनीन काही मिळालं नाही. भांड्यात काळपट गाळ उरला आणि तो अल्कोहोलमध्ये विरघळवल्यावर सुंदर जांभळा रंग निघाला. हा मॉव्ह रंग म्हणजे कृत्रिम रंगांच्या उद्योगाची सुरुवात. पुढे जर्मनीत या उद्योगाने मोठी झेप घेतली. १८७६ मध्ये हाइनरिश कारो या रसायनतज्ज्ञाने मिथिलीन ब्लू तयार केला. हे नाव लक्षात ठेवा, लेखात ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

कापडासाठी बनवलेले हे रंग डॉक्टरांच्या हाती लागले आणि पेशींच्या अभ्यासाचं रूपच पालटलं. रंगाशिवाय पेशी म्हणजे पाण्यात पडलेला काचेचा तुकडा, आतलं काहीच उठून दिसत नाही. रंग टाकला की केंद्रक गडद होतं. केंद्रकातल्या ज्या धाग्यांनी रंग घट्ट पकडला, त्यांना १८८८ मध्ये "क्रोमोसोम" हे नाव मिळालं. त्याचा अर्थच "रंगीत देह". आपण त्यांना गुणसूत्रं म्हणतो. हे धागे आनुवंशिकतेचे वाहक आहेत हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. ते रंग धरतात एवढंच दिसत होतं आणि नाव त्यावरूनच पडलं.

सिकंदराबादचा डास

हिवतापाचा परजीवी पहिल्यांदा दिसला तो मात्र रंगाशिवाय. १८८० मध्ये अल्जीरियातले फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी रुग्णाच्या ताज्या रक्तात तो हलताना पाहिला. त्यांची नजर आधी गेली ती काळ्या कणांवर. परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि त्याचा उरलेला चोथा काळपट कणांच्या रूपाने साठवतो, तेच हे कण.

याच काळ्या कणांनी रोनाल्ड रॉस यांनाही वाट दाखवली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत असेच काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. त्या डासाला हिवतापाच्या रुग्णाचं रक्त पाजलेलं होतं. रुग्णाचं नाव हुसेन खान. अंगावर डास चावून घेण्याबद्दल त्याला दर डासामागे एक आणा मिळत असे. तेव्हाचं सिकंदराबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि त्याच संस्थानात आपला परभणी जिल्हा आणि मानवतही. हिवतापाचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती आपल्याच तेव्हाच्या मुलखात, ही गोष्ट मराठवाड्यात फारशी सांगितली जात नाही.

पण ताज्या रक्तात काळे कण शोधणं हे रॉस यांच्यासारख्या चिकाटीच्या माणसाचं काम. गावोगावच्या हजारो तापांच्या रुग्णांसाठी ते चालणार नव्हतं. कोवळ्या परजीवीत काळे कण नसतातच आणि रंगाशिवाय तो सहज नजरेतून निसटतो. लगेच उठून दिसेल अशी खूण हवी होती.

जुनं झालेलं द्रावण

ती खूण १८९१ मध्ये सापडली. रशियात सेंट पीटर्सबर्गला रोमानोव्हस्की यांनी मिथिलीन ब्लू आणि इओसिन हा तांबडा रंग एकत्र करून रक्ताच्या पट्ट्या रंगवल्या. अपेक्षा निळ्या आणि तांबड्याची होती. मिळाला तिसराच रंग : परजीवीचं शरीर निळं आणि केंद्रक जांभळं. गंमत म्हणजे मिथिलीन ब्लूचं द्रावण ताजं असलं तर हा जांभळा रंग उमटत नसे. ते जुनं व्हावं लागे. जुनं होताना मिथिलीन ब्लूचा काही भाग हवेतल्या ऑक्सिजनने बदलतो आणि त्यातून अझ्यूर बी नावाचा रंग तयार होतो. खरं काम करणारा हाच.

पुढे १९०१ मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टर लेशमन यांनी आणि १९०४ मध्ये हॅम्बर्गच्या गुस्ताव्ह गीम्सा यांनी या रंगाची भरवशाची कृती बसवली. आज कोणत्याही लॅबच्या फडताळात "लेशमन" किंवा "गीम्सा" लिहिलेली बाटली सापडेल. तिच्यात आहे ते रोमानोव्हस्कींचंच मिश्रण, फक्त ते आपोआप जुनं होण्याची वाट पाहावी लागत नाही.

चिकटतो म्हणजे नेमकं काय करतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. शिडीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर फॉस्फेट असतं आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो. मध्ये सपाट पायऱ्या एकावर एक रचलेल्या असतात. दोन पायऱ्यांमधलं अंतर इतकं कमी, की एका मिलिमीटरचे सुमारे तीस लाख भाग केले तर त्यातला एक. आरएनए हा डीएनएचा भाऊबंद. तो बहुधा एकेरी असतो आणि केंद्रकाबाहेरही भरपूर असतो. दोघांना मिळून न्यूक्लिक आम्लं म्हणतात.

या न्यूक्लिक आम्लांना छोटे रंगरेणू तीन प्रकारे चिकटतात.

पहिला प्रकार विद्युतभाराचा. मिथिलीन ब्लू, अझ्यूर बी, जेन्शन व्हायोलेट या रंगांवर धन भार असतो. डीएनएच्या दांड्यांवर ऋण भार. दोघं एकमेकांना ओढतात. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, साधारण तसंच.

दुसरा प्रकार पायऱ्यांमध्ये शिरण्याचा. भाकरींच्या चवडीत मध्येच एक पापड सारला तर काय होईल? पापड सपाट असेल तर तो बसेल, आणि चवड तेवढ्याने उंच होईल. काही रंगरेणू असेच सपाट असतात. ते दोन पायऱ्यांच्या मध्ये सरकतात, तिथलं अंतर जवळपास दुप्पट होतं आणि शिडीचा पीळ त्या जागी थोडा सुटतो. लेनर्ड लर्मन यांनी १९६१ मध्ये ॲक्रिडीन नावाच्या पिवळ्या रंगांवर प्रयोग करून हे दाखवलं.

तिसरा प्रकार खोबणीत बसण्याचा. पिळाच्या शिडीला बाहेरून दोन खाचा असतात, एक रुंद आणि एक अरुंद. काही लांबट, किंचित बाकदार रेणू अरुंद खाचेत विळ्याच्या पात्यासारखे चपखल बसतात. जनावरांच्या सर्रा रोगावर पशुवैद्य डायमिनाझिन नावाचं इंजेक्शन देतात, ते औषध डीएनएला याच प्रकारे धरतं.

रक्ताच्या पट्टीवर अझ्यूर बी आधी परजीवीच्या न्यूक्लिक आम्लांवर जाऊन बसतो. केंद्रकात दाटीने भरलेल्या डीएनएवर बसलेल्या अझ्यूरला मग तांबडा इओसिन येऊन मिळतो आणि दोघांच्या जोडीतून जांभळा रंग उमटतो. परजीवीच्या शरीरातल्या आरएनएवर अझ्यूर एकटाच राहतो, म्हणून तो भाग निळा. भोवतालच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन हे प्रथिन भरलेलं असतं, ते इओसिन घेतं आणि गुलाबी दिसतं. गुलाबी पेशी, तिच्यात निळं कडं आणि कड्यावर जांभळा खडा : अंगठीसारखं हे चित्र म्हणजे हिवतापाची ओळख.

हा सगळा खेळ विद्युतभाराचा असल्यामुळे पाण्याला फार महत्त्व आहे. बोअरचं खारट, अल्कधर्मी पाणी वापरलं की रंगांचा तोल बिघडतो आणि जांभळं केंद्रक नीट उठत नाही. म्हणून चांगल्या लॅबमध्ये आम्लता ठरलेली असलेलं, ७.२ पीएचचं पाणी रंगासाठी वेगळं ठेवतात. बारीकशी गोष्ट आहे, पण रिपोर्ट खरा की खोटा हे तिच्यावरही ठरतं.

महायुद्ध आणि आपल्या देशाचा रंग

१९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतलं. जगातल्या सिंकोनाच्या मोठ्या बागा तिथेच होत्या, त्यामुळे क्विनीन आटलं. भारत-ब्रह्मदेश सीमेवरच्या सैन्यात गोळीपेक्षा तापाचीच धास्ती जास्त होती. सेनापती स्लिम यांनी पुढे लिहिलं आहे, की १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या प्रत्येक सैनिकामागे आजारी पडून पाठवलेले १२० होते. मग जवानांना मेपाक्रिनची गोळी रोज सक्तीने देण्यात आली. मेपाक्रिन हे ॲक्रिडीन घराण्यातलं, म्हणजे मुळात पिवळ्या रंगाचंच भावंड. ते घेणाऱ्यांची कातडी पिवळी पडे, आणि या गोळीने पुरुषत्व जातं अशी अफवा छावण्यांत पसरली होती. त्यामुळे गोळी प्रत्यक्ष गिळली जाते की नाही हे अधिकाऱ्यांना पाहावं लागे. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जी झुंज झाली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. याच आघाडीवरची ही गोष्ट.

त्याच वर्षी, १९४४ मध्ये, मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचे जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी एक नवा रंग प्रसिद्ध केला. त्यांच्या नावांवरून त्याला जेएसबी म्हणतात. गीम्सा आणि लेशमन यांना शुद्ध मिथाइल अल्कोहोल लागतं. ते महाग, शिवाय विषारी. जेएसबीची दोन्ही द्रावणं साध्या पाण्यात बनतात. आणि मिथिलीन ब्लू "जुनं" होण्याची वाट पाहायला नको म्हणून त्यांनी ते पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल घालून तापवलं. त्यातून अझ्यूर थोड्या वेळात तयार होतात. पट्टी या दोन बाटल्यांत बुडवून काढायची, मध्ये धुवायची, मिनिटभरात रंग चढतो.

या साध्या युक्तीचं मोल नंतर कळलं. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे आणि ८ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम. डीडीटीची फवारणी करणारी पथकं आणि घरोघर फिरून तापाच्या माणसाच्या रक्ताची पट्टी घेणारे कर्मचारी गावोगाव दिसू लागले. मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, तेव्हाचा हा काळ. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. भिंतीवर तारखा लिहून जाणारा हिवतापवाला त्यांना आठवत असेल. एवढ्या पट्ट्या रोज रंगवायच्या, तर रंग स्वस्त आणि झटपटच हवा होता. जेएसबी तसा होता.

१९६५ पर्यंत रुग्ण वर्षाला सुमारे एक लाखावर आले. मग ढिलाई आली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. आजार गेला असं वाटून पट्ट्या घेणं सैल झालं की तो गुपचूप परततो, हा त्या दशकाचा धडा आहे.

जो रंग चिकटतो, तो मारेलही का?

या प्रश्नाचा ध्यास पॉल एर्लिश यांनी घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं : रंग जर जंतूलाच पकडतो आणि शेजारच्या पेशीला सोडतो, तर त्याच रंगाने जंतूला मारता येईल. चिकटल्याशिवाय कोणताही पदार्थ काम करत नाही, हे त्यांचं सूत्र. १८९१ मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी आणि गुटमन यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्लू दिला आणि ते बरे झाले. माणसावर आजार बरा करण्यासाठी वापरलेलं हे पहिलं पूर्णपणे कृत्रिम औषध मानलं जातं. कापडाचा रंग, आणि त्याच्या पोटात औषध!

मिथिलीन ब्लूच्या रेणूत फेरफार करत करतच १९२० च्या दशकात प्लाझ्मोक्विन बनलं. त्याचं सुधारलेलं रूप म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर आलेलं प्रायमाक्विन. हिवतापात डॉक्टर आजही ज्या गोळ्या लिहून देतात, त्या या घराण्यातल्या. दुसऱ्या शाखेतून मेपाक्रिन आणि क्लोरोक्विन आलं.

इथे एक मजेदार वळण आहे. क्लोरोक्विन डीएनएला चिकटतं हे १९६० च्या दशकात प्रयोगशाळेत दिसलं, आणि परजीवी त्यामुळेच मरतो असं काही काळ मानलं गेलं. नंतर कळलं की त्याचा खरा वार वेगळ्याच ठिकाणी होतो. हिमोग्लोबिन खाऊन उरलेला विषारी भाग परजीवी काळ्या कणांत बंद करून ठेवतो. क्लोरोक्विन नेमकं तेच थांबवतं आणि परजीवी स्वतःच्याच चोथ्याने मरतो. लाव्हरान आणि रॉस ज्या काळ्या कणांमागे गेले, तिथेच औषधही जाऊन पोचलं. परीक्षानळीत चिकटणं आणि शरीरात काम करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. "अमुक पदार्थ डीएनएवर काम करतो" अशी जाहिरात वाचाल तेव्हा हे आठवा.

डीएनएच्या पायऱ्यांत शिरणाऱ्या रंगांची दुसरी बाजूही आहे. पायऱ्यांमध्ये पापड सारलेला असताना पेशीने डीएनएची नक्कल काढली, तर नकलेत एखादं अक्षर जास्त पडतं किंवा गळतं. १९६१ मध्ये क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी ॲक्रिडीन रंगाने मुद्दाम अशा चुका घडवल्या आणि त्यावरून दाखवलं, की जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत लिहिलेली असते. विज्ञानाला फायदा झाला, पण इशाराही मिळाला : आपल्या डीएनएला चिकटू शकणारा पदार्थ जपून वापरायचा. प्रयोगशाळेत डीएनए नारिंगी चमकवण्यासाठी इथिडियम ब्रोमाइड वापरतात, ते हातमोज्यांशिवाय हाताळत नाहीत ते यामुळेच. तोंड आल्यावर मुलांच्या जिभेला लावायचं जांभळं औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, हेही या घराण्यातलं. त्यापासून कर्करोगाचा धोका संभवतो असा इशारा कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये दिला. पूर्वी कधी लावलं म्हणून घाबरू नका, पण आता त्यापेक्षा चांगली औषधं आहेत. घरातली जुनी बाटली काढून मुलांना लावत बसू नये.

हाच धोका कर्करोगात हत्यार होतो. केमोथेरपीतलं डॉक्सोरुबिसिन, ज्याला पेशंट "लाल औषध" म्हणतात, ते डीएनएच्या पायऱ्यांत शिरतं आणि भराभर वाढणाऱ्या पेशींची वाढ मोडतं. ते जमिनीतल्या एका जिवाणूपासून मिळतं, पण रेणू तसाच : सपाट आणि रंगीत. औषधानंतर दिवस-दोन दिवस लघवी तांबूस होते. ते रक्त नव्हे, औषधाचाच रंग असतो. त्याची आयुष्यभराची एकूण मात्रा मात्र मोजून ठेवावी लागते, कारण ती वाढली तर हृदय अशक्त होतं. डॉक्टर अधूनमधून हृदयाची टू-डी इको करायला सांगतात ती त्यासाठी. पैसे वाचवायचे म्हणून ती तपासणी टाळू नका.

मग आपण काय करायचं?

इतिहास वाचून झाल्यावर व्यवहाराच्या चार गोष्टी.

एक : थंडी-ताप आला तर गोळी घेण्याआधी रक्ताची पट्टी द्या. मेडिकलमधून हिवतापाची एक-दोन गोळ्या घेऊन मग तपासणीला गेलात, तर परजीवी कमी झालेले असतात आणि पट्टीत सापडत नाहीत. आजार आत राहतो आणि रिपोर्ट मात्र "नाही" येतो.

दोन : एक पट्टी "नाही" आली म्हणजे विषय संपला असं नाही. तंत्रज्ञ जाड थेंबाची १०० दृश्यं पाहून मगच "नाही" लिहितो, तरीही मायक्रोलिटरमागे ५० पेक्षा कमी परजीवी असले तर ते हुकू शकतात. ताप चालूच राहिला तर पट्टी पुन्हा द्या. उलट कधी कधी तांबड्या पेशीवर येऊन बसलेली प्लेटलेटही जांभळी दिसते आणि परजीवी असल्याचा भास होतो. म्हणून पट्टी पाहणारी नजर अनुभवी हवी.

तीन : आशाताईंकडच्या पट्टीच्या झटपट तपासणीत हा रंग नसतो. ती परजीवीची प्रथिनं ओळखते. लांबच्या वाडी-तांड्यावर ती फार उपयोगाची आहे. पण काही प्रकारच्या किटमध्ये उपचारानंतरही कित्येक दिवस रेघ उमटत राहते. औषध लागू पडलं का, परजीवी किती उरले, हे पाहायला रंगवलेली काचपट्टीच हवी.

चार : रिपोर्टमध्ये "व्हायवॅक्स" की "फॅल्सिपेरम" हे लिहिलेलं असतं, ते वाचा. उपचार त्यावरून ठरतात. व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि बहुतेक जण गोळ्या सोडून देतात, मग दोन महिन्यांनी पुन्हा दवाखान्यात. मात्र काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं. अशांना प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटण्याचा त्रास होतो, आणि त्याच्या आजोबाने, म्हणजे मिथिलीन ब्लूनेही होतो. गोळ्या चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे झाले किंवा दम लागू लागला, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला हे औषध देत नाहीत, तेव्हा घरातल्या उरलेल्या गोळ्या कोणाला देऊ नका.

पावसाळा संपून शेतात आणि गावात पाणी साठलेलं असतं, कापूस वेचणीला येतो, आणि डासांचाही हंगाम तोच असतो. वेचणीच्या धांदलीत "अंगात कसर आहे" म्हणून ताप अंगावर काढू नका. बोटाला एक टोच, काचेवर एक थेंब आणि मिनिटभराचा रंग, एवढ्यात बहुतेक वेळा उत्तर मिळतं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि हिवतापाची औषधं मोफत आहेत. ताप आल्या दिवशीच जा.